पाळीची किल्ली

भोकरवाडीच्या ख्रिस्ती वस्तीत देवळाची किल्ली गोजराबाईच्या कमरेला असायची, आणि तिला त्याचा लय अभिमान होता. आता तो अभिमान आठवला की तिचं तिलाच हसू येतं, आणि हसू पुरतं ओठावर यायच्या आत संताप येतो.

मूळची रीत अशी नव्हतीच मुळी. मूळची रीत पाळीची. वस्तीत जेवढी घरं तेवढ्या पाळ्या. ज्या घराची पाळी, त्या घरानं आठवडाभर देऊळ झाडायचं, रांजण भरायचा, बाकं पुसायची, मागचा संडास धुवायचा आणि शनिवारी सडकेपासून देवळाच्या दारापर्यंतची वाट खराट्यानं लख्ख करायची. वाटेत धोंडा असो, काटा असो, कुणाची म्हैस बांधलेली असो, पाळीवाल्यानं ती बाजूला काढायची आणि त्याला कुणी 'का' म्हणायचं नाही. रविवारी उपासना सुटली की किल्ली आणि खराटा पुढच्या घराला द्यायचा. देणाऱ्यानं म्हणायचं, "घ्या, आता तुमची पाळी." घेणाऱ्यानं दोन्ही हात पुढं करायचे आणि म्हणायचं, "दिली तशी घेतली." एका हातानं घेतली तर ती घेतली असं धरत नसत.

ही रीत घातली पहिल्या म्हाताऱ्यांनी. त्या सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी, एकाच विहिरीवर झाला होता. पण माणसं विहिरीवरून निघाली आणि ओल्या कपड्यांनी आपापल्या आळीला गेली. वरची आळी वर राहिली, खालची खाली. मेलेली ढोरं ओढायची आणि गावाची घाण उपसायची कामं ज्यांच्या वाटणीला होती, त्यांची घरं खालच्या आळीत. गोजराबाईचं सासर त्यातलं. बाकीची घरं पोटापाण्यासाठी नाशिकरोडकडं निघून गेली आणि खालच्या आळीत हे एकच चूल पेटणारं घर उरलं.

किल्ली थांबवली मात्र कुणी नाही. ती आपसूक थांबली. वरच्या आळीत एकीच्या घरी लग्न निघालं, दुसरीच्या घरी बाळंतपण. "कुसाबाई, एवढी आमची पाळी काढ ना. तुझ्या हातचं झाडलेलं कसं आरशासारखं दिसतं." कुसाबाई म्हणजे गोजराबाईची सासू. भोळी बाई, कुणी गोड बोललं की विरघळायची. तिनं एकीची पाळी काढली, दुसरीची काढली, आणि मग एका रविवारी किल्ली घ्यायला पुढच्या घरचं कुणी उठलंच नाही. कुसाबाईनं ती पदराला बांधून घरी आणली. तिला वाटलं, आपल्याला मान मिळाला. गोजरा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिला पाटल्या दिल्या नाहीत, तोडे दिले नाहीत, किल्ली दिली. म्हणाली, "देवाच्या घरची किल्ली हाय पोरी. राजाच्या राणीकडं नसंल." आणि गोजराबाईलाही ते खरं वाटलं. वय पन्नाशीला टेकलं तरी वाटत राहिलं. आता काय बोलायचं.

मार्च सरत आला होता. उन्हाळ कांद्याची काढणी जोरात होती. गोजराबाई शेजारच्या शिवारात कांदे कापायला जायची. दिवसभर उकिडवं बसायचं, डाव्या हातात कांदा, उजव्या हातात विळा, पात कापली की कांदा ढिगावर. दुपारी वारं सुटलं की वाळलेल्या पातीचा भुगा डोळ्यांत जायचा आणि बायका पदरानं तोंड गुंडाळून नुसत्या डोळ्यांनी बोलायच्या. संध्याकाळी उठताना गुडघे धरायचे. हाताला कांद्याचा वास असा बसायचा की भाकरीलासुद्धा तोच लागायचा.

शुक्रवारी ती कामावरून आली तर वस्तीच्या तोंडालाच वास. तो कांद्याचा नव्हता. देवळामागच्या संडासाची टाकी भरून वाहत होती. काळं पाणी झाकणाच्या कडेनं उसळून थेट मांडवाच्या खांबापर्यंत आलं होतं. मांडव घातला होता पाहुण्यांच्या पंगतीसाठी. रविवारी झावळ्यांचा रविवार. त्या दिवशी सगळी मंडळी हातात झावळ्या घेऊन सडकेपासून देवळापर्यंत गात जाते, आणि यंदा येवल्याकडून, मनमाडकडून पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी सांडपाण्याची मोरी तुंबली म्हणून कुणीतरी शहाण्यानं तिचा पाइप टाकीत सोडला होता. टाकी बांधल्यापासून एकदाही उपसलेली नव्हती.

ती चुलीला लाकूड लावते न लावते तोच रविराज दारात आला. रविराज म्हणजे मंडळीचा चिटणीस. वरच्या आळीतलं पहिलं घर त्याचं, सडकेला लागून. द्राक्षबाग, ट्रॅक्टर, देवळाच्या कमिटीत शब्द. तो कधी आत यायचा नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभं राहून मोबाईल या हातातून त्या हातात करायचा.

"सलाम मामा," तो म्हणाला.

गोजराबाईच्या मनात पाल चुकचुकली. हा तिच्या नवऱ्याला एरवी 'ए शांतवन' म्हणायचा. वयानं वीस वर्षांनी लहान असून. 'मामा' म्हणाला म्हणजे काहीतरी घाण काम निघालं असणार.

शांतवन बाजेवरून उठला. "सलाम. या ना, बसा."

"बसायला टाइम कुठं हाय. टाकी बघितली ना? परवा पाहुणे येणार. बिशप साहेब येणार नाशिकहून प्रवचनाला. काय इज्जत राहील?"

"व्हय, लयच वास सुटलाय."

"तर मी काय म्हणतो, उद्या तेवढी उपसून टाकू. बादल्या, दोर, सगळं मी देतो. वरून ओढायला दोन पोरं देतो. तुम्ही फक्त आत उतरायचं."

चुलीतलं लाकूड गोजराबाईच्या हातात तसंच राहिलं. "गाडी मागवा ना," ती आतूनच म्हणाली. "मैला ओढायची गाडी असती. पिंपळगावाहून येती."

"गाडी देवळामागं जाईल कशी मामी? बोळ बघितलाय ना तुम्ही?"

"बघितलाय. रोज झाडते मी. बोळ कुणी केला?"

रविराजनं मोबाईल खिशात घातला. नाताळाच्या आधी त्यानं घराला कंपाउंड घातलं होतं, आणि घालताना वाटेतली निम्मी जागा आत घेतली होती. पूर्वी त्या वाटेनं कडब्यानं भरलेली बैलगाडी जायची. आता दुधाच्या किटल्या बांधलेली मोटरसायकल गेली तरी किटली भिंतीला घासायची. भिंतीवर फरशा, फाटकाच्या दोन्ही अंगांना सिमेंटची पांढरी कबुतरं. कमिटीत कुणी ब्र काढला नव्हता. उलट कबुतरं छान झाली म्हणून चहा पिऊन आले होते.

"सडकेवर उभी करा अन् पाइप टाका," ती म्हणाली.

"विचारलं मी. एवढ्या लांबून ओढत नाय म्हणतो तो. खालचा माल घट्ट झालाय." मग तो शांतवनकडं वळला. "मामा, तुमच्या घरानं देवळाची एवढी सेवा केली. किल्लीच तुमच्याकडं हाय. आता ऐन टायमाला दुसऱ्या कुणाला सांगू? आन् हे आतलं काम आतल्या आत झालेलं बरं. बाहेर बोभाटा नको."

शांतवननं क्षणभर बायकोकडं पाहिलं. मग नेहमीसारखा मान खाली घालून म्हणाला, "करू. देवाचं काम हाय."

रविराज गेला. जाताना सलामही म्हणाला नाही. काम झालं होतं ना.

गोजराबाईनं भाकरी थापली ती अशी की परातीचा आवाज वरच्या आळीपर्यंत गेला असेल. शांतवन ताटावर बसला. तिनं भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि समोर बसली.

"याकोबभावजी इसरले का तुम्ही?"

शांतवनचा घास थांबला. याकोब त्याचा थोरला भाऊ. शहरात एका सोसायटीच्या टाकीत उतरला होता. उतरताना वरच्याशी बोलत होता, बोलता बोलता आवाज बंद झाला. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही तिथंच पडला. गोजराबाई आणि शांतवन पोचले तेव्हा टाकीच्या काठावर दोघांच्या चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. याकोबला सवय होती तशी चपला नीट जोडून ठेवायची. देवळात जातानाही तशाच ठेवायचा.

"ती टाकी लय खोल होती," शांतवन म्हणाला. "ही लहान हाय. झाकण उघडून ठेवू सकाळपासून. वारा लागंल."

"वारा लागून वास जातो. जीव घेणारा वायू खाली बसून राहतो. पोलिस सांगत व्हते ना तवा? आन् कायद्यानं माणूस उतरवायचीच बंदी हाय. म्हणून तर तो म्हणला, बोभाटा नको."

"गोजरा, आपण बाप्तिस्मा घेतलेली माणसं. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. माझीच पाळी का, म्हणून विचारलं का त्यानं?"

तो हे मनापासून म्हणत होता, आणि तिचा खरा राग तिथंच होता. ढोंगी असता तर तिनं त्याला दोन शब्दांत गप्प केला असता. पण हा माणूस कुणाचंही मढं असो, खड्डा खणायला पहिला. वरच्या आळीतली वत्सलाबाई, म्हणजे रविराजचीच आई, कोरोनात आजारी पडली तेव्हा तिच्या पोटच्या पोरानं डबा फाटकाला अडकवला होता आणि शांतवननं आत जाऊन तिला उचलून संडासला नेलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा तेव्हा असा दिसायचा की गोजराबाईला त्याच्याकडं बघत राहावंसं वाटायचं. ती सेवा होती. हे जे उद्या व्हायचं होतं ते दुसरंच काहीतरी होतं, आणि त्याला फरक कळत नव्हता.

"धुतले ना पाय," ती म्हणाली. "पण धुणारा कोण होता? गुरू होता, मालक होता. गड्यानं धुतले असते तर कुणी शास्त्रात लिहून बी ठेवलं नसतं. आन् धुऊन झाल्यावर काय म्हणला? तुम्ही बी आता एकमेकांचे धुवा. एकमेकांचे. हे आपल्या देवळात कधी कुणी पुढं वाचतच नाय."

"मला एवढं वाद घालता येत नाय."

"मंग वाद नका घालू. उतरू नका."

"शब्द दिलाय."

त्याच्यापुढचं ताट तसंच ठेवून ती उठली आणि भांडी घासायला बसली. राखेनं घासून घासून तिनं तव्याचा काळेपणा काढला, जो कधी निघत नसतो.

शनिवारी सकाळी तिनं कांद्याला दांडी मारली आणि खराटा घेऊन वाट झाडायला सडकेवर गेली. उन्हं नुकती वर येत होती. सडकेपासून चार हात झाडलं की भिंत पुढं यायची. तिथं खराटा आडवा धरता यायचा नाही, उभा धरून, अंग चोरून, कोपर भिंतीला घासत झाडावं लागायचं. नाताळापासून ती असंच झाडत होती. आपणही कशा, तिला वाटलं, भिंत आली तर अंग चोरलं, पण तोंड नाही उघडलं. उगाच कशाला दुसऱ्याला बोल लावायचा.

फाटकात वत्सलाबाई खुर्ची टाकून ऊन खात बसली होती. रविराज गाडी पुसत होता.

"रविराजभाऊ," गोजराबाई म्हणाली, "एक इनंती हाय. भिंतीचा एवढा कोपरा काढा. गाडी आत जाईल. सभा झाली की परत बांधा, मी विटा वाहून देते. सिमेंट कालवून देते. पण माणूस उतरवू नका."

रविराज हसला. हसला, हेच तिच्या नंतर लक्षात राहिलं. "मामी, फरशी बघितली का कुठली हाय? मोरबीची. एका दिवसापायी भिंत पाडायची?"

"एका दिवसापायी माणूस उतरवायचा तर चालतो?"

"मामाला काय होत नाय. त्यांच्या हाताला सवय हाय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सवय. शांतवन आयुष्यात कधी टाकीत उतरला नव्हता. तो गवंड्याच्या हाताखाली काम करायचा, द्राक्षाच्या बागा बांधायचा. सवय कुणाला होती, तर त्याच्या आज्याला. रविराजनं तो आजा बघितलासुद्धा नव्हता, पण त्याची सवय बरोब्बर लक्षात ठेवली होती.

वत्सलाबाई काहीतरी बोलायला गेली. रविराज म्हणाला, "आई, तू आत जा, ऊन लागंल." म्हातारी उठली नाही.

गोजराबाई तशीच पाळकांकडं गेली. पाळक म्हणजे तरुण माणूस, नुकताच बदलून आलेला, कमिटीच्या तोंडाकडं बघून श्वास घेणारा. तो देवळात खुर्च्या लावून घेत होता. पुढच्या ओळीला गाद्यांच्या खुर्च्या. त्यावर कागद चिकटवले होते, 'देवाच्या सेवकांसाठी राखीव'.

"ताई, मी बोललो चिटणीसांशी," तो म्हणाला. "त्यांची पण अडचण आहे. आणि शांतवनभाऊंची तयारी आहे ना स्वतःची? सेवेत मोजमाप करू नये. प्रभू बघतो."

"प्रभू बघतोय तर तुम्ही दुसरीकडं कामून बघताय?"

तो खरंच दुसरीकडं बघत होता. "मी प्रार्थना करतो," तो म्हणाला.

"करा. उभ्यानं करा. त्या खुर्च्या राखीव हायेत."

ती देवळामागं आली तेव्हा सगळी तयारी झाली होती. टाकीचं झाकण पहारीनं उचकटून बाजूला सरकवलेलं. त्या तोंडातून वास असा येत होता की दोर धरायला आणलेली दोन पोरं नाकाला रुमाल बांधून लांब भिंतीला टेकली होती. वरच्या आळीतले पाच-सहा बाप्ये वाऱ्याच्या उलट्या अंगाला उभे. त्यातला एकजण म्हणत होता की कडुनिंबाचा पाला जाळून आत टाकावा, म्हणजे किडे मरतात. रविराजही आला होता, हातात पाण्याची बाटली.

शांतवननं सदरा काढून पेरूच्या फांदीला अडकवला. बनियनला पाठीवर भोक होतं, त्यातून त्याचा खांदा दिसत होता. त्यानं दोर छातीला बांधून घेतला. मग हात जोडून डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. गोजराबाईनं मिटले नाहीत. म्हणून तिला दिसलं की डोळे उघडल्यावर त्यानं पायातल्या चपला काढल्या, वाकला, आणि टाकीच्या काठावर नीट जोडून ठेवल्या.

मग तिनं काही विचार केला असं कुणी म्हणू नये. झाकणाशेजारी पहार पडली होती ती तिनं उचलली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. खराटा काखेत, पहार खांद्यावर, अशी ती बोळानं सडकेकडं निघाली. कुणाला काही कळलं नाही. शांतवन हाक मारत राहिला, "गोजरा, कुठं चालली?"

पहिला घाव फरशीवर बसला आणि फरशी टाळकन फुटून तिच्या पायावर पडली. दुसरा सांध्यात. पहारीचं टोक आत गेलं तसा तिनं सगळा भार टाकून ती पिळली. चार इंची भिंत. बाहेरून मोरबीची फरशी आणि आत नुसती वाळू. सिमेंटात कंत्राटदारानं हात मारलेला दिसत होता. एक वीट निघाली, तिच्यामागं तीन आपसूक आल्या.

रविराज पळत आला. मागं सगळेच. "ए बाई, डोकं फिरलं का तुझं? ठेव ती पहार."

मामीची बाई झाली होती. "पाळी कुणाची?" ती म्हणाली. हात थांबले नव्हते.

"काय?"

"देवळाची पाळी ह्या आठवड्याला कुणाची? माझी ना? मागच्या बी आठवड्याला माझी, त्याच्या मागच्या बी. माझ्या सासूच्या काळापासून आमचीच. मंग ऐका. सडकेपासून दारापर्यंत वाट साफ करायची पाळीवाल्यानं. वाटेत जे आडवं येईल ते काढायचं. मी वाट झाडतेय."

"मी पोलिसात जाईन."

"जा. आन् टाकीचं झाकण उघडं कामून हाय, दोर कुणाच्या छातीला बांधलाय, ते बी सांग त्यांला. मी येते संगं."

तो पुढं सरसावला. तिनं पहार उचलून धरली नाही, धमकीही दिली नाही. नुसती त्याच्याकडं बघत राहिली, पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तोंडावर विटेचा भुगा, आणि तो थांबला.

"रविराज," फाटकातून वत्सलाबाई म्हणाली. म्हातारीचा आवाज बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. "पाळीवाल्याला आडवीत नसतात. रीत हाय ती. तुझ्या आज्यानंच घातलेली."

"आई, तू मधी पडू नको."

"मी पडले व्हते रे एकदा. खाटंवर. तवा तू आला नव्हता मधी."

गोजराबाईनं पुन्हा घाव घातला. पण दंड आता थरथरायला लागले होते. कांद्याचा विळा आणि पहार यात फरक असतो. चौथ्या-पाचव्या घावाला पहार सांध्यावरून घसरली आणि तिचा तोल गेला.

मागून कुणीतरी पहार धरली. शांतवन. अंगात तेच भोकाचं बनियन, छातीला दोर अजून बांधलेला, त्याचं टोक बोळातून फरफटत आलेलं. पाय अनवाणी.

"सर," तो म्हणाला.

"नाय सरणार."

"तुझा हात भरलाय. सर बाजूला. आता माझी पाळी."

तो गवंड्याच्या हाताखालचा माणूस. भिंत कुठं धरलेली असते त्याला ठाऊक होतं. त्यानं कबुतराच्या खांबाशी तळात पहार घातली आणि एकदा, दोनदा हलवली. सगळा कोपरा धूळ उडवत आत पडला, फाटक एका बिजागरीवर लोंबायला लागलं. कबूतर पडून त्याची मान मोडली. शांतवननं ते उचलून वत्सलाबाईच्या खुर्चीशेजारी ठेवलं. तसा स्वभाव त्याचा.

विटा उचलायला वरच्या आळीतलं कुणी आलं नाही. बघत मात्र सगळे होते. नवरा-बायकोनं घमेल्यानं विटा वाहून भिंतीच्या आतल्या अंगाला रचल्या, फरशीचे तुकडे वेगळे केले, आणि मग गोजराबाईनं ती जागा झाडली. नाताळानंतर पहिल्यांदा खराटा आडवा धरून.

गाडी दुपारी आली. फोन पाळकानंच केला, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. ड्रायव्हर गेणू नावाचा, गुटखा तोंडात, बोलायला फटकळ. पाइप टाकीत सोडताना त्यानं काठावरचा दोर बघितला, चपला बघितल्या.

"कोण उतरणार होतं?" त्यानं विचारलं.

"मी," शांतवन म्हणाला.

गेणूनं पिंक टाकली. "मागच्या महिन्यात एक काढला मी असा," तो म्हणाला. "पाइपनं नाय. हातानं." एवढं बोलून त्यानं मोटर सुरू केली. शांतवन काठावर जाऊन आपल्या चपला घेऊन आला. त्या पायात घालायला त्याला बराच वेळ लागला. गोजराबाईनं ते पाहिलं आणि तिला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, भोकाड पसरून. रागाचं रडू दिसायला दुःखासारखंच असतं. वरच्या आळीतल्या बायकांना वाटलं, पस्तावली.

झावळ्यांचा रविवार आला. पाहुणे आले, साहेब आले. सगळी मंडळी झावळ्या हलवत, गात, मोकळ्या वाटेनं चारचार जणांच्या ओळीनं देवळात गेली. पाहुण्यांना वाटलं, वाट रुंद करायला घेतली आहे. रविराज पांढऱ्याशुभ्र कपड्यात पुढं होता. पडक्या कोपऱ्यापाशी आल्यावर त्याची झावळी जरा खाली आली. साहेबांनी प्रवचन चांगलं केलं. प्रवचन लीनतेवर होतं. लहान होऊन सेवा करा म्हणाले, आणि गादीच्या खुर्चीत बसून पाणी प्यायले. पहिली ओळ मान हलवत होती.

आशीर्वाद झाला. लोक उठायच्या आत गोजराबाई उठली. तिच्या एका हातात किल्ली होती आणि दुसऱ्या हातात खराटा. किल्लीच्या दोऱ्याला तिनं संडासाचा ब्रशही बांधला होता. मधल्या वाटेनं ती पुढं गेली. पायाचा अंगठा चिंधीनं बांधलेला, चाल लंगडी. पुढच्या ओळीत, चिकटवलेल्या कागदाशेजारी, रविराज बसला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमची पाळी."

देवळात कुणीतरी खोकलं. पेटी वाजवणाऱ्यानं भात्यावरचा हात उचलला. हे शब्द पोरांनी कधी ऐकलेच नव्हते, पण म्हाताऱ्यांनी ऐकले होते, आणि मागच्या बाकांवर एक कुजबुज उठून विझली.

"मामी, नंतर बघू," रविराज हळू म्हणाला. चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू. "कमिटीत बोलू आपण."

ती हलली नाही. रविराजनं पाळकांकडं बघितलं. पाळक आपल्या बुटांकडं बघत होता. रविराजनं साहेबांकडं बघितलं. साहेब त्याच्याकडंच बघत होते, काय चाललंय ते न कळून, पण आता त्यांना कळून घ्यायचं होतं. बायकांच्या अंगाला वत्सलाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिनं नजर काढून घेतली नाही. आणि दाराशी, नेहमीच्या आपल्या जागी, शांतवन उभा होता. तो आज मान खाली घालून उभा नव्हता.

पहारीनं गोजराबाईचे दंड सुजले होते. पुढं धरलेले हात दुखून थरथरत होते आणि किल्लीवर ब्रश आपटून बारीक आवाज येत होता. तिला वाटलं, आता खाली पडतंय सगळं. पण तिनं हात खाली घेतले नाहीत. तिच्या सासूचे हात असेच एकदा कुणी घेईना म्हणून परत आले होते, आणि त्याला तिनं मान म्हटलं होतं.

शेवटी रविराज उठला. कपाळाला घाम होता. त्यानं मोबाईल खुर्चीवर ठेवला आणि उजवा हात पुढं केला.

गोजराबाईनं किल्ली मागं घेतली.

"दोन्ही," ती म्हणाली.